कुठे गेली ते सांग

"कुठे गेली?"

उस्तादांनी विचारलं तेव्हा पिस्तुलाचा आवाज अजून समोरच्या डोंगरात घुमत होता. गोळी नेमकी कुठे लागली ते बघायला मी मान उंच केली, तर मागून त्यांची टोपी माझ्या डोळ्यांसमोर आडवी आली.

"बघू नकोस. सांग."

"न बघता कसं सांगू, उस्ताद?"

"गोळी कुणी मारली? मी मारली का?"

"मी मारली."

"मग मला काय माहीत असणार? तुलाच माहीत पाहिजे. सांग, कुठे गेली?"

"मधे," मी ठसक्यात सांगितलं.

उस्ताद टोपी डोक्यावर चढवून चालत नेमाच्या कागदापर्यंत गेले. तिथे त्यांनी पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग तिथूनच ओरडले, "मधे नाही. वर, उजव्या खांद्यात. परत मार."

माझ्या मागे सरनाईक खिदळला. "उस्ताद कागदाला मालिश करतायत बघ."

ही बोरखडीच्या माळावरची गोष्ट. आमच्या जिल्हा पोलिसांची फायरिंग रेंज तिथे होती. मी तेव्हा पोलीस नाईक होते, उज्ज्वला बोडखे, बक्कल नंबरापेक्षा नेमावरून जास्त ओळखली जाणारी. एका जागी उभं राहून, श्वास रोखून, सावकाश गोळ्या मारायच्या स्पर्धेत जिल्ह्यात मला तोड नव्हती. हे मी फुशारकीनं सांगत नाही. तेव्हा मात्र फुशारकीनंच सांगायची.

त्या वर्षी पोलिसांच्या राज्य स्पर्धेत एक नवा प्रकार आला आणि माझी पंचाईत झाली. त्यात एका जागी उभं राहायचंच नव्हतं. भोंगा वाजला की कमरेचं पिस्तूल काढायचं, पळत पळत पुठ्ठ्याच्या प्रत्येक कागदावर दोन-दोन गोळ्या मारायच्या, लोखंडी पत्रे पाडायचे, लाकडी भिंतीच्या आडून, खिडकीतून नेम धरायचा. मग मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळानं भागायचं. म्हणजे सगळ्या गोळ्या मधे मारल्या पण आरामात मारल्या तर गेलात, आणि धडाधड मारल्या पण इकडेतिकडे मारल्या तरी गेलात.

चौघांच्या संघातले तिघे ठरले होते. उरलेल्या एका जागेसाठी दोघं होतो, मी आणि विश्वंभर सरनाईक. आम्ही एकाच तुकडीतून भरती झालेलो. त्याचे हात विजेसारखे चालायचे. नेम माझ्याइतका नव्हता, पण तो पळता पळता मारायचा आणि त्याचं बरंच काही लागायचं. मी मात्र प्रत्येक गोळीनंतर मान उंचावून भोक बघायची. तव्यावरची चपाती उलथून बघावी तसं. बघितल्याशिवाय हात पुढे सरकायचाच नाही.

"बोडखे गोळी मारते, पोचपावती घेते आणि मग पुढच्या कागदाकडे जाते," सरनाईक सगळ्यांना सांगायचा. लोक हसायचे. खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबायचं.

मला ती जागा हवी होती. घरी दारी मी बरीच कारणं सांगायची, जिल्ह्याचं नाव, बढती, काय काय. खरं कारण एकच होतं. मी चांगली होते आणि ते सगळ्या राज्यानं बघावं असं मला वाटत होतं.

म्हणून मी हमीद तांबोळी उस्तादांकडे गेले. ते आमच्या शस्त्रागाराचे प्रमुख आणि संघाचे शिकवणारे. निवृत्तीला आले होते. माणूस अंगानं सडसडीत, कपड्यांना कडक इस्त्री, आणि मान कायम जराशी तिरकी. कुणाशी बोलताना सरळ तोंडाकडे बघायचेच नाहीत, कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे. त्यामुळे त्यांच्याबद्दल मुख्यालयात एकमत होतं: उस्ताद माजलेत. दुसरे शिकवणारे दुर्बीण डोळ्याला लावून जागेवरून भोकं मोजायचे. उस्ताद दुर्बिणीला हातही लावायचे नाहीत. स्वतः कागदापर्यंत चालत जायचे आणि भोकावर बोट ठेवायचे.

"उस्ताद, माझा वेग वाढवून द्या," मी म्हटलं.

"वेग काय बाजारात मिळतो?" ते माझ्या कानाकडे बघत म्हणाले. "तुझे हात ठीक आहेत. तुझा वेळ भोकं बघण्यात जातो. ते बंद कर."

"मग लागली का नाही ते कळणार कसं?"

"माशी बघ." पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर जो उंचवटा असतो, त्याला आमच्यात माशी म्हणतात. "चाप दाबला जातो त्या क्षणाला माशी जिथं होती तिथं गोळी गेली. दुसरीकडे जाईल कशी? तो क्षण बघितलास तर भोक बघायची गरज नाही. डोळे पुढच्या कागदावर. पिस्तूल येतंय मागून."

सांगायला सोपं होतं. पहिले काही दिवस मी दर वेळी "मधे" म्हणायची आणि उस्ताद कागद चाचपून "मधे नाही" म्हणायचे. मला राग यायचा, स्वतःचा कमी आणि त्यांचा जास्त. एकदा त्यांनी मला न सांगता माझ्या मॅगझिनमध्ये मधेच एक बिनदारूचं काडतूस भरलं. मी चाप दाबला, गोळी सुटलीच नाही, आणि पिस्तुलाचं तोंड मात्र माझ्या हातात खाली आपटलं. आवाजाच्या भीतीनं मी आधीच दचकत होते, इतकी वर्षं, आणि मला पत्ता नव्हता.

"आता सांग," उस्ताद म्हणाले, "ही गेली असती तर कुठे गेली असती?"

"खाली. डावीकडे."

"शाबास. आज पहिल्यांदा खरं बोललीस."

त्या दिवसापासून मी "मधे" म्हणणं सोडलं. दिसेल ते सांगायला लागले. वर, खाली, मधल्या चौकोनाच्या रेघेवर, चौकोनाच्या बाहेर. चुकलेली गोळी चुकली म्हणून सांगायला आधी जड जायचं. मग जाईनासं झालं. उलट मजा यायला लागली. मी सांगायची, उस्ताद चालत जायचे आणि मी सांगितलेल्या जागी त्यांचं बोट थेट जाऊन टेकायचं. चाचपणं बंद झालं. मालिशची थट्टाही बंद झाली. आणि एके सकाळी सरनाईकच्या हातातल्या घड्याळानं माझा वेळ सांगितला तेव्हा त्यानं ते झटकून बघितलं.

"हे बिघडलंय," तो म्हणाला.

"घड्याळ ठीक आहे," मी म्हटलं. "पोचपावती घेणं बंद केलंय मी."

निवड चाचणीच्या दिवशी ऊन कडक होतं, वारा नव्हता. राखीव निरीक्षक माळवदे साहेब स्वतः पंच होते. जाडजूड माणूस, आवाज मोठा, पण नियमाला पक्का. शेवटची फेरी उरली तेव्हा सरनाईक आणि मी जवळजवळ बरोबरीत होतो. त्या फेरीत जो पुढे जाईल तो संघात, हे माळवदे साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

सरनाईकनं आधी मारली. सुरेख मारली. पत्रे खणखण पडले आणि शेवटी भिंतीच्या खिडकीतून पलीकडच्या कागदावर दोन गोळ्या मारून तो हात झटकत बाहेर आला.

या खेळात एक पद्धत आहे. एकाचं झालं की पंच प्रत्येक कागदावरची भोकं बघून गुण सांगतो, आणि पाठोपाठ बाकीचे लोक त्या भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून ती बुजवतात. पुढच्याला कागद कोरा मिळाला पाहिजे. ज्याची पाळी पुढची, त्यानं पट्ट्या लावायच्या नसतात. त्यानं बाजूला उभं राहून, रिकाम्या हातांनी, मनातल्या मनात सगळी फेरी पळायची. मी तशी उभी होते. दोन हवालदार पत्रे उभे करण्यात गुंतले होते. मी ऐकलं, उस्ताद म्हणाले, "खिडकीमागचा कागद राहू द्या, तो मी लावतो." आणि पट्टीचं भेंडोळं घेऊन ते भिंतीमागे गेले.

मग मी जागेवर गेले.

"तयार?" माळवदे साहेबांनी विचारलं.

मी मान हलवली. भोंगा वाजला.

त्या फेरीबद्दल मला काय सांगता येईल? मी एकही भोक बघितलं नाही. माशी बघितली, कागद, माशी, कागद. पाय आपोआप चालले. पत्रा पडल्याचा आवाज यायच्या आधी मी पुढच्यावर होते. मला कुठल्याही गोळीची चिंता वाटली नाही, कारण प्रत्येक गोळी कुठे गेली ते मला त्याच क्षणी कळत होतं. खिडकीशी पोचले, पहिली मारली, दुसरी मारली, आणि दुसरीला थोडी घाई झाली तीही कळली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, कमरेला लावलं. पलीकडे कुणी टाळी वाजवली नाही. सरनाईक तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता, ते मला टाळीपेक्षा गोड वाटलं.

गुण सांगणं सुरू झालं. पहिला कागद, दोन्ही मधे. दुसरा, दोन्ही मधे. तिसरा, एक मधे, एक रेघेवर. मी मनात म्हटलेलं आणि साहेब म्हणत होते ते जुळत गेलं. माळवदे साहेब भिंतीमागे गेले. मी अजून अलीकडेच होते.

"अरे, हे काय?" त्यांचा आवाज आला. "इथे तीन भोकं आहेत!"

मी पुढे निघाले, तोच उस्तादांनी हात आडवा घातला.

"थांब. आत जाऊ नकोस. साहेब, हिनं अजून कागद बघितलेला नाही. बोडखे, कुठे गेली?"

"पहिली मधे, जराशी वर. दुसरी खाली डावीकडे, चौकोनाच्या बाहेर. दुसरीला मी चाप दाबला नाही, ओढला."

साहेब भिंतीमागे भोकं परत मोजत पुटपुटले.

"मधे दोन आहेत," माळवदे साहेब म्हणाले. "आणि खाली डावीकडे एक. सरनाईकचंही एक मधे आणि एक खाली डावीकडेच होतं. त्याचं एक बुजवायचं राहिलेलं दिसतंय. पण पट्ट्या दोन्ही जागी आहेत, मग राहिलं कुठलं? खालचं त्याचं असेल तर हिच्या दोन्ही मधे."

सरनाईक माझ्या जवळ येऊन कुजबुजला, "अगं वेडे, 'दोन्ही मधल्या माझ्या' असं म्हण की. देतायत ते घे."

"पण त्या माझ्या नाहीत."

"मग हरशील."

"बघू."

"पण हिच्या शब्दावर गुण देता येत नाहीत," माळवदे साहेब बाहेर येऊन म्हणाले. "नुसतं मी म्हणते म्हणून कसं चालेल? भोक कुणाचं ते ठरत नसेल तर फेरी परत. नियम आहे. बोडखे, परत मारावी लागेल."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फेरी मी आत्ताच मारली होती. अशी फेरी मागून मिळत नाही. परत मारायची म्हणजे सरनाईकला संघात बसवायचं, हे मला आणि सरनाईकला दोघांनाही कळत होतं.

मी भिंतीमागे गेले आणि कागद बघितला.

तीन भोकं होतीच. खाली डावीकडे माझ्या भोकाशेजारी सरनाईकचं जुनं भोक होतं, त्यावर पट्टी नीट बसलेली. आणि वर, मधल्या चौकोनात, पट्टीचा दुसरा तुकडा कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. तो सपाट होता, खाली भोकाची खळगीही नव्हती. भोक त्याच्या शेजारी होतं, जेमतेम बोटभर अंतरावर. पट्टीचे चारी कोपरे अंगठ्यानं दाबून, घासून, व्यवस्थित बसवलेले होते. एखाद्यानं आळसानं लावलेली पट्टी अशी नसते.

मी वळून उस्तादांकडे बघितलं. ते कागदाकडे बघत होते, म्हणजे कागदाच्या बाजूला बघत होते, मान तिरकी करून. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपली पट्टी भोकावर बसलेली नाही हे त्यांना दिसतच नव्हतं.

ती तिरकी मान. दुर्बिणीला हात न लावणं. पुठ्ठ्यावर फिरणारं बोट. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसली. शस्त्रागाराच्या किल्ल्या या माणसाकडे होत्या. साहेबांनी आता ही पट्टी नीट बघितली की पुढचा प्रश्न काय असणार, ते उघड होतं.

मी कागदासमोर उभी राहिले, शक्य तेवढी रुंद होऊन.

"साहेब, मी परत मारते," मी म्हटलं. "काही हरकत नाही."

"तू परत मारतेस?" सरनाईकला खरंच वाटेना.

"मारते. चला, पट्ट्या मी लावते."

"तू का लावतेस?" उस्ताद म्हणाले. "आणि परत कशाला? मी विचारलं, तू सांगितलंस. काम संपलं."

"उस्ताद, राहू द्या ना. मारते मी."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. उस्ताद थांबले. मग पुढे आले, मला हलकेच बाजूला केलं आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. बोट पट्टीवर गेलं. पट्टीवरून घसरलं आणि शेजारच्या भोकात अडलं. त्यांनी एकदा पट्टी चाचपली, एकदा भोक चाचपलं. आम्ही सगळे बघत होतो.

"असं झालं होय," ते म्हणाले.

"काय झालं, तांबोळी?" माळवदे साहेबांनी विचारलं.

"साहेब, ही पट्टी या भोकाची. बाजूला लागली. म्हणजे हे भोक सरनाईकचं. उरलेली दोन हिची. एक मधे, जराशी वर. एक खाली डावीकडे, बाहेर. बाहेर उभं राहून हिनं सांगितलं ते शब्दाला शब्द बरोबर आहे. परत मारायचा प्रश्नच येत नाही."

"हो, पण पट्टी अशी कोऱ्या जागी लावली कुणी?"

"उस्ताद," मी म्हटलं. "नको."

"मी लावली," उस्ताद म्हणाले. "मला मधलं दिसत नाही, साहेब. डोळ्यांत मधोमध डाग धरलाय. कडेचं दिसतं. तुमचा चेहरा बघायचा तर असं बाजूला बघावं लागतं. लोक म्हणतात, तांबोळी माजलाय. म्हटलं, म्हणू देत. आंधळा म्हणण्यापेक्षा बरं."

माळवदे साहेबांनी पट्टी आणि भोक वाकून बघितलं. मग उस्तादांकडे बघितलं, बराच वेळ. कधी नव्हे तो त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हे आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही रेंजवर येऊ दिलं असतंत?"

"शस्त्रागारात तर नक्कीच येऊ दिलं नसतं." साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "उद्या किल्ल्या जमा करा."

"करतो."

"बोडखे. खिडकीचा कागद, एक मधे, एक बाहेर. लिहून घ्या."

गुण मोजले, वेळेनं भागले. मी पुढे निघाले. फार नाही, केसाएवढी. सरनाईकनं कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्यापुढे हात केला.

"न बघता मारतेस," तो म्हणाला, "आणि वर आपली चुकलेली गोळी मोजून घेऊन हरवतेस. याला काय म्हणायचं?"

"सराव," मी म्हटलं आणि त्याचा हात जोरात दाबला. मला खूप आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि त्यातलं काहीच मी लपवू शकत नव्हते.

संध्याकाळी उस्ताद लिंबाच्या झाडाखाली पिस्तुलं पुसत बसले होते. ते काम त्यांचे हात डोळ्यांशिवाय करत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी शेजारी जाऊन बसले.

"उस्ताद, म्हणजे तुम्ही मला रोज विचारायचात, कुठे गेली..."

"मला खरंच माहीत नसायचं," ते म्हणाले. "तुला वाटलं, मी शिकवतोय?"

"शिकवत नव्हतात?"

"शिकवतही होतो. रीत तीच आहे, माझ्या उस्तादांनीही मला तसंच शिकवलं. पण त्यांना कागद दिसायचा." ते हसले. "सुरुवातीला तू सगळं 'मधे' सांगायचीस, तेव्हा माझे हाल व्हायचे. सगळा पुठ्ठा चाचपायचा, तोही लोकांदेखत. तो सरनाईक मालिश म्हणायचा."

"ऐकलंत तुम्ही?"

"डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मग तू खरं सांगायला लागलीस. तू म्हणायचीस तिथं बोट नेलं की भोक असायचं. तीन महिने तुझ्या शब्दावर माझी नोकरी चालली, पोरी. आणि तुला परत मारू दिली असती तर मग मी शिकवलं काय?"

मी एक फडकं घेतलं आणि दुसरं पिस्तूल पुसायला लागले.

किल्ल्या गेल्या, पण माळवदे साहेबांनी त्यांना संघाबरोबर राज्य स्पर्धेला नेलं. नियमात बसवूनच नेलं, कसं ते त्यांनाच ठाऊक. शेवटच्या फेरीला उस्ताद रेषेच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, टोपी नीट, मान तिरकी. शेजारी कुठल्याशा जिल्ह्याचे दोन अधिकारी दुर्बीण लावून बसले होते. मी फेरी संपवली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं आणि मागे वळले.

"कुठे गेली?" एवढ्या गर्दीत ते मोठ्यानं ओरडले.

"एक सोडून सगळ्या मधे!"

"आणि ती एक?"

"तिसऱ्या कागदावर. उजवीकडे, रेघेवर."

दुर्बीणवाल्यांनी घाईनं तिसरा कागद शोधला. मी सवयीनं वाट बघत होते, आता उस्ताद उठतील, चालत कागदापर्यंत जातील आणि बोट ठेवतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहावाल्याला हाक मारली.